गळ्यात करंट नको

नागपूर,
पोळा आठ दिवसांवर

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, गळपट्ट्यासाठी काढलेल्या सर्किटचा तू पाठवलेला फोटो आईच्या मोबाइलवर पाहिला. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुझी आई मधेच ‘जेवली का’ विचारते आणि मग गाडी वरणभातावरून पुढे सरकतच नाही. शिवाय कूलरचा सीझन संपलाय, दुकानात माश्या मारून राहिलो. म्हणून लिहायला बसलो.

सर्किट चांगलं काढलंस. माइकला भुंकण्याचा आवाज लागला की ट्रान्झिस्टर चालू, पुढे कॉइल, आणि पट्ट्यातून आत आलेली दोन पितळी टोकं भुऱ्याच्या गळ्याला टेकलेली. भुंकला की झटका, आणि खालच्या घरमालकांची कटकट बंद. एका ठिकाणी रेझिस्टरचा आकडा चुकलाय. कुठे ते सांगणार नाही, कारण हा पट्टा तू बनवू नये असं मला वाटतं.

‘नऊ व्होल्टची तर बॅटरी आहे बाबा, अगदी हलका झटका,’ असं तू खाली लिहिलंय. अगं पोट्टे, काटोलकडे रानडुकरांसाठी शेताच्या तारेला झटका मशीन लावतात, तीही बारा व्होल्टच्या बॅटरीवरच चालते. कॉइल व्होल्टेज चढवायला असते हे इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला मी सांगायचं का? आणि डुकराला निदान मागे फिरून दुसऱ्याच्या वावरात जाता येतं. भुऱ्याच्या तर तू गळ्यातच कुंपण बांधून राहिली.

झटक्याबद्दल मला जरा जास्त कळतं. तू तिसरीत असताना मी महिनाभर डाव्या हातानं चमच्यानं जेवत होतो, आठवतं? गाडीवरून पडलो असं तुला सांगितलं होतं. पडलो नव्हतो. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ भाजून काढणारे दिवस, सुरू होता, महाल भागातल्या एका घरी कूलरचा पंप पाणी उचलत नव्हता, आणि त्या दिवशी मला अजून आठ ठिकाणी जायचं होतं. घाईत प्लग न काढता टाकीत हात घातला. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. हात चिकटला. ओरडायचं होतं, पण जबडा उघडेना. वाचलो कशानं, तर लाइट गेली. भारनियमनाला मी जन्मभर शिव्या दिल्या, त्या दुपारची तेवढी सोडून.

यातलं तुझ्या कामाचं ऐक. चूक वायरीची होती आणि माझ्या घाईची. पण माझ्या डोक्यानं ती कूलरच्या ताट्यांतल्या ओल्या वुडवुलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक छिलक्यांच्या, वासाला चिकटवून ठेवली. आजही मार्चमध्ये नव्या ताट्या भिजवल्या की त्या वासानं कोपरापर्यंत मुंग्या येतात. एवढी वर्षं कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही गत, तर भुऱ्याचं काय होईल? जिन्यात घरमालकांचा नातू दिसला, भुऱ्या भुंकला, गळ्याला चटका बसला. तो चटका भुऱ्या भुंकण्याच्या खात्यात मांडेल की नातवाच्या? नातवाच्या मांडला तर पुढच्या वेळी भुंकायच्या भानगडीत पडणार नाही, सरळ चावेल.

त्या प्रकारानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे लागून ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, बसवायला लावतो. खरं तर आता मिळतो तो आरसीसीबी, पण आमच्या लाइनीत सगळे जुन्या नावानंच ओळखतात. मला विचारशील तर ट्रान्झिस्टरपेक्षा मोठी गोष्ट ही. आत जाणारा करंट आणि परत येणारा करंट एवढंच तो मोजत बसतो. दोन्हींत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय असं धरतो आणि पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. रात्रीच्या १५ वॉटच्या बल्बलासुद्धा याच्या दुप्पट करंट लागतो, इतकं बारीक त्याला कळतं. राखणीचं चांगलं कुत्रं काय वेगळं करतं? आणि लोक काय करतात माहीत आहे? पावसाळ्यात तो सारखा पडतो म्हणून मला बोलावून म्हणतात, भाऊ, याला बायपास करून टाका. गळती शोधायला कुणी तयार नाही, सांगणाऱ्याला गप्प करायला सगळे तयार. तू भुऱ्याला बायपास करायला निघाली आहेस.

मग शिकवायचं कसं? यावर मी बरंच वाचलं आहे, रिकामटेकडेपणाचा तेवढा फायदा. आफ्रिकेतल्या मोठ्या थैलीवाल्या उंदरांना टांझानियात भूसुरुंग हुंगायला शिकवतात. त्यातला एक मगावा. वजन सव्वा किलोच्या आत-बाहेर, म्हणजे सुरुंगावरून चालला तरी तो फुटत नाही. कंबोडियात काम करून त्यानं ७१ सुरुंग आणि ३८ न फुटलेले स्फोटक गोळे शोधून दिले. २०२० साली ब्रिटनमधल्या एका जुन्या प्राणिसंस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं, उंदराला मिळालेलं पहिलंच. टेनिसच्या मैदानाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगून काढायचा. मशीन घेऊन माणूस गेला तर त्याच जागेला चार चार दिवस लागू शकतात, कारण मशीन प्रत्येक खिळ्याला आणि डब्याच्या झाकणाला वाजत बसतं. उंदराला लोखंडाशी घेणंदेणं नाही, त्याला बारूद तेवढी कळते. ऊन चढायच्या आत त्यांचं काम उरकतात आणि कानाशेपटीला सनस्क्रीन लावतात म्हणे. तुझ्या आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, मला नाही कधी कुणी लावून दिलं. याच जातीचे उंदीर थुंकीचे नमुने हुंगून टीबीसुद्धा ओळखतात, शंभर नमुने वीस मिनिटांत.

या उंदरांना शिकवायला काय लागतं? एक ‘टिक्’ आवाज आणि केळ्याचा तुकडा. बरोबर वासाला थांबला की टिक्, आणि लगेच केळं. चुकला तर काहीच नाही. हुंगायला उंदराला कुणी शिकवलं नाही, ते त्याला येतच होतं. कोणता वास कामाचा, एवढंच त्याला कळवलं.

आपल्या आबाजींची बैल शिकवायची पद्धत यापेक्षा फार वेगळी नव्हती. त्यांच्याकडे हरण्या नावाचा म्हातारा बैल होता, गवळाऊ जातीचा, आपल्या वर्धा-नागपूरकडचा, चालीला तेज. चांद्या नावाचा नवा गोऱ्हा आणला तेव्हा त्याला त्यांनी हरण्याच्या जोडीला जुंपला आणि नुसता ओंडका ओढायला लावला. मग वखर, मग डवरा. पेरणीची तिफन सगळ्यात शेवटी. तू तिफन पाहिली आहेस, पण चालताना नाही. खाली तीन फण, वर लाकडी चाडं, चाड्यातून तीन नळ्या जमिनीत. चाड्यावर तुझ्या पणजीची मूठ असायची. मुठीतून बी सुटण्याचा आणि बैलांच्या पावलांचा ताल जमला तरच बी सारखं पडतं. बैल दचकला तर एका जागी दाट, पुढे नुसती रिकामी माती. आणि वाकडा गेला तर तास, म्हणजे पेरणीची ओळ, वाकडा, मग पुढे तण काढायच्या डवरणीला पीकच कापलं जातं. म्हणून पेरणीच्या दिवशी बैलावर हात उगारायचा नाही, असा आबाजींचा नियम होता.

तो नियम मी मोडला, पेरणीच्या दिवशी नाही, पण मोडला. बारा वर्षांचा होतो. बाजारातून एकटाच बैलबंडी घेऊन परत येत होतो, नाल्याला पूर होता. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी गुडघाभर दिसत होतं. हरण्या काठावर थांबला. मी कासरा ओढला, ओरडलो, मग तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, आर टोचली. एकदा, दोनदा, तीनदा. मांडीवर रक्त आलं, पण तो हलला नाही. मागून एक म्हातारा ओरडत आला, रपट्याचा मधला तुकडा दुपारीच वाहून गेला होता. हरण्याला ते कळलं होतं की तो नुसता पाण्याला भ्याला, देव जाणे. घरी आल्यावर आबाजी काही बोलले नाहीत. हळद-तेलाची वाटी हातात दिली आणि गोठ्याकडे बोट दाखवलं.

आंधळ्या माणसाला रस्ता दाखवणाऱ्या कुत्र्यांबद्दल वाचताना मला हरण्या आठवला. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्गला १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेतली १९२९ची. त्या कुत्र्यांना बस, ऊठ, डावीकडे, उजवीकडे हे शिकवतातच, पण सगळ्यात अवघड धडा वेगळा आहे. मालक ‘चल’ म्हणाला आणि समोरून गाडी येत असली, तर ऐकायचं नाही. हुकूम न पाळायलासुद्धा शिकवतात! तुझ्या पट्ट्यात ही सोय आहे का?

आपल्या गल्ल्यांत असा कुत्रा चालवणं कठीणच, चौकाचौकातली बाकीची मंडळी त्याला जाऊ द्यायची नाहीत. आपल्याकडे पांढरी काठी. आणि काठीचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो, घरात कुणाला सांगितली नाही. इतवारीत एका अरुंद बोळात मी खिडकीबाहेर कूलरचा स्टँड ठोकला होता, लोखंडी अँगलचा, बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीवर. दोन दिवसांनी तिथून रोज जाणारे एक अंध मास्तर त्यावर आपटले. भुवई फुटली. त्यांची काठी जमीन अचूक चाचपत होती, पण जमिनीपासून साडेपाच फुटांवर मी काय ठोकून ठेवलंय हे तिला कसं कळावं? मी माफी मागायला गेलो तर मास्तर म्हणाले, तुम्ही डोळे उघडे ठेवून स्टँड लावला ना, मग झालं. ते टोमणा मारत होते की समजूत घालत होते, हे मला अजून कळलं नाही. स्टँड मी त्याच संध्याकाळी दोन फूट वर नेला, फुकट.

त्यांच्याकडूनच मला कळलं की आयआयटी दिल्लीच्या लोकांनी काठीच्या मुठीला बसवायचं एक यंत्र काढलंय, २०१४ पासून मिळतं. न ऐकू येणारा आवाज सोडून गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा तीन मीटरवरून ओळखतं आणि मूठ थरथरवतं. वटवाघळाची युक्ती. तुला करायचंच असेल तर असलं काही कर ना. झटका नको, थरथर चालेल, आणि तीही माणसाच्या हातात.

आता भुऱ्याचं. माइक आणि बॅटरी आणलीच आहेस तर कॉइल काढून टाक आणि नुसती वेळ नोंदव. कधी भुंकतो, किती वेळ, एवढं आठ दिवस लिहून काढ. तू म्हणतेस तो दिवसभर भुंकतो. मला नाही पटत. मला वाटतं खाली कुकरची शिट्टी झाली, गेट वाजलं किंवा तू कॉलेजला निघालीस की भुंकत असेल. तिसरं असेल तर त्याला झटक्याची नाही, सोबतीची गरज आहे, आणि मग घरमालकांच्या नातवालाच दुपारी त्याच्याबरोबर खेळायला बोलाव. नोंदी मला पाठव, आपण मिळून पाहू. गळती सापडली की पुढचं सोपं असतं.

पट्ट्यासाठी आणलेला वेल्क्रो वाया घालवू नको, पावसाळी कोटाला लाव. तो वेल्क्रोसुद्धा कुत्र्याचीच कृपा. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन रानातून आला, कुत्र्याच्या केसांत गोखरूसारखी फळं अडकलेली. आपण उपटून फेकतो, त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक बारीक आकडे दिसले. पेटंट मिळायला १९५५ उजाडलं.

या पत्रासोबत पार्सल आहे. संत्रा बर्फी तुझी, ती भुऱ्याला देऊ नको. टिनचा हिरवा बेडूक भुऱ्याचा. इतवारीत खेळण्यांच्या दुकानात मिळाला, पोट दाबलं की टिक् वाजतो. गेट वाजलं आणि तो दोन सेकंद जरी गप्प राहिला तरी टिक्, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. बेडूक वाजला की खाऊ मिळालाच पाहिजे, हात रिकामा असेल तर वाजवायचा नाही. आठवडाभर भुऱ्या बेडकाकडेच पाहत बसेल, बसू दे.

पोळ्याला सुट्टी मिळत नसेल तर तान्ह्या पोळ्याला तरी ये. तुझा लाकडी नंदी माळ्यावरून काढलाय, एक चाक निघालंय, ते मी बसवतो. रेल्वेत कुत्रा आणायचे काय नियम आहेत ते स्टेशनवर विचारून ठेवतो.

आईनं विचारलंय, जेवली का.

तुझा,
बाबा