वहिनी, कारखान्याचं ठरवण्याआधी

मस्कत
१४ डिसेंबर

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला काजू कारखान्याचा प्रकल्प अहवाल दोनदा वाचला. फोनवर आकडे बोलता बोलता निसटतात, म्हणून पत्रच लिहिते. आईला आणि दादालाही वाचून दाखव.

तू विचारलंयस, "मी आता तयार आहे का?" कामापुरतं उत्तर द्यायचं तर हो, आहेस. दोन हंगाम तू दुसऱ्याच्या युनिटमध्ये बसून काढलेस. वाफवलेलं बी रात्रभर गार झाल्याशिवाय कापायला घेऊ नये, बोरम्यातून, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीतून, गर लवकर काढला की साल सुटत नाही आणि जास्त ठेवला की गर ठिसूळ होऊन तुटतो, हे तुला वाचून कळलेलं नाही, हाताने कळलंय. टरफलातल्या तेलाने बोटांची कातडी सोलवटली तरी तू काम सोडलं नाहीस. दादा सांगत होता, चाळणीवर टाकायच्या आधी नुसतं हातात घेऊन गराची प्रत २४० की ३२० हे तू ओळखतेस. एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर बसले की तो ३२०, हे आमच्या गोदामात रोज काजूची खोकी मोजणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. तुझ्या कारागिरीबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

शंका आहे ती अहवालाच्या तिसऱ्या पानाबद्दल. वाफेचा बॉयलर, कटिंग मशीन, बोरमा, शेडची दुरुस्ती, थ्री फेज वीज, सगळं नीट मांडलंय. कच्च्या मालाला मात्र एकच ओळ आहे, आणि तीही एका महिन्याच्या हिशोबाची. वहिनी, काजू बी बारा महिने मिळत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मे संपेपर्यंत जे काय घ्यायचं ते घ्यायचं. जूनला पाऊस लागला की गोणीत जे आहे त्यावर पुढच्या हंगामापर्यंत बायकांना काम द्यायचं. बी संपलं की कारखान्याला कुलूप, पण बँकेचा हप्ता चालूच.

आता हिशोब बघ. दिवसाला पन्नास किलो बी फोडायचं म्हटलंस. वर्षाला २५० दिवस काम धरलं तर साडेबारा टन बी लागेल. दर हिशोबापुरता किलोला १५० रुपये धरते, तू तिथला खरा दर घाल. रक्कम होते १८ लाख ७५ हजार. हे पैसे तीन महिन्यांत रोख मोजायचे, कारण आपल्याकडचा बागायतदार बी देताना उधारी ठेवत नाही, आणि ठेवूही नये. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो, म्हणजे गराच्या प्रत्येक किलोवर ६०० रुपये नुसत्या बीचेच पडले. त्यावर मजुरी, जळण, वीज, पाकीट, आणि तुटलेला माल. अख्ख्याचा भाव पाकळीला, म्हणजे दोन फाका झालेल्या गराला, मिळत नाही, पाकळीचा तुकड्याला मिळत नाही, आणि कणी तर मिठाईवाल्याच्या दराने जाते. वर मुंबईचा व्यापारी दिवाळीचा माल गणपतीत उचलतो आणि पैसे कधी देतो ते तू ऐकलंच आहेस.

म्हणून मला वाटतं, या धंद्यात यंत्र ही लहान गोष्ट आहे. खेळतं भांडवल हीच खरी मोठी गोष्ट. युनिट घालून दोन वर्षांत भाड्याने देणारी माणसं आपल्या तालुक्यात तूही पाहिली आहेस. काम येत नव्हतं म्हणून ती थांबली नाहीत. मे महिन्यात बी घ्यायला त्यांच्या हातात पैसा नव्हता.

अनुदानाबद्दल दादा फार खुशीत होता. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के, हे खरंच. म्हणूनच अर्ज तुझ्या नावाने करायचा, दादाच्या नाही, आणि व्यवहारही तुझ्याच सहीने चालवायचा. पण ती रक्कम हातात पडत नाही. ती बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते आणि युनिट नीट चाललं तर मग कर्जात वळती होते. त्या पैशाने बी घेता येणार नाही. जमिनीची किंमतही प्रकल्पात धरत नाहीत. आणि ही योजना नव्या घटकालाच मिळते, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून मांगरात, म्हणजे आपल्या शेतातल्या शेडमध्ये, आधी मशीन बसवून टाकू नकोस. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन आधी सगळं विचार.

मांगराचंच दुसरं एक आहे. ज्या जमिनीवर तो उभा आहे तिचा सातबारा अजून आजोबांच्या वारसांच्या नावाने आहे. दोन्ही काका, मुंबईच्या आत्या, दादा, मी, सगळ्यांची नावं. बँक तारण मागेल तेव्हा प्रत्येकाची सही लागेल. माझी संमती धरून चाल, कागद पाठवलास की वकिलातीतून साक्षांकित करून परत पाठवते. पण धाकटे काका आणि आत्या यांच्याशी आईने स्वतः बोलायला हवं, आणि ते मे महिन्यात चाकरमानी घरी येतील तेव्हा समोरासमोर. फोनवर हा विषय काढू नका. कोकणात सहीवरून किती घरं फुटली आहेत ते आपण जाणतो, आणि कारखान्यासाठी आत्याचं माहेर तुटावं असं मला अजिबात वाटत नाही. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखलाही लागेल. टरफलं जाळल्याचा धूर शेजारच्या वाडीत जातो, तर तिथल्या माणसांना विश्वासात घे.

इथे मोठ्या दुकानात काजूचं अख्खं कपाट असतं. निम्मी पाकिटं व्हिएतनामची. तो देश काजूगराच्या निर्यातीत जगात पहिला आहे, आफ्रिकेतून बी आणून यंत्रावर फोडतो, आणि त्याच्या घाऊक दराशी आपण मांगरात बसून टक्कर देऊ शकत नाही. द्यायचीही गरज नाही. तुझं गिऱ्हाईक वेगळं आहे. मालवण-वेंगुर्ल्याला येणारा पर्यटक, गणपती-शिमग्याला गावी येऊन परत जाताना दोन-दोन किलो नेणारा चाकरमानी, आणि ज्याला सालीसकट भाजलेला गावठी काजूच हवा असतो असा माणूस. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव पाकिटावर छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली वेगळी नोंदणी करावी लागते. तीही हळूहळू कर. आधी दहा गिऱ्हाइकं अशी हवीत जी पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतील. तुझ्या अहवालात विक्रीच्या रकान्यात "स्थानिक बाजारपेठ" एवढंच लिहिलंय. मला तिथे माणसं दिसली पाहिजेत.

तर माझं मत असं. या हंगामात कर्ज काढू नकोस. एक टन बी घे, वेगवेगळ्या बागांतलं न मिसळता, जमलं तर वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ या जातींच्या कलमांचं वेगवेगळं ठेव, म्हणजे आकार सारखा राहील आणि कापताना तूट कमी होईल. चांगलं दोन-तीन दिवस उन्हात वाळव, नाहीतर पावसात गोणीतच बुरशी धरेल. तू काम केलंस त्याच युनिटमधून मजुरीवर फोडून घे. हाताशी अडीचशे किलोच्या आसपास गर येईल. एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेची, नोंदणी कर, तुझ्या नावाने पाकीट कर, आणि सगळा माल तू स्वतः विक. किती अख्खा निघाला, किती तुटला, कोणी रोख दिलं, कोणी टांगवलं, दिवाळीपर्यंत किती उरलं, सगळं वहीत लिही. कलमानुसार वेगळी पानं ठेव.

त्या एक टनाचे दीड लाख मी देते. कर्ज म्हणून नाही आणि भेट म्हणूनही नाही, या हंगामाची भागीदार म्हणून. नफा झाला तर निम्मा माझा, आणि तो पुढच्या वर्षी परत बीमध्येच घालायचा. तोटा झाला तर तोही निम्मा माझा. बँकेच्या हप्त्यासाठी मात्र माझे पैसे धरू नकोस. माझा करार पुढे वाढेल की नाही हे माझ्या हातात नाही, आणि माझ्या नोकरीच्या भरवशावर तुझा कारखाना उभा राहिलेला मला नको आहे.

दादाने एसटीची नोकरी सोडायची भाषा थांबवावी, हे त्याला माझ्यातर्फे स्पष्ट सांग. निदान दोन वर्षं घर त्याच्या पगारावर चालेल आणि तुझ्या गल्ल्यातून कोणी पिशवीभर बाजारालाही पैसे घेणार नाही, एवढी व्यवस्था झाली तरच पुढचं. आई मागच्या फोनवर म्हणाली, "आधी घर बघा, मगे कारखानो." तुला ते बोचलं असेल. पण तिने वादळात एका रात्रीत बाग आडवी झालेली बघितली आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तू नुकतीच लग्न होऊन आली होतीस. कलमं धरायला पुन्हा किती वर्षं जातात ते तिला माहीत आहे. तिला विरोधक समजू नकोस, उलट बी खरेदीला तिलाच बरोबर ने. बी हातात हलवून ते वाळलंय की ओलं हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही.

पुढच्या डिसेंबरात तुझी वही भरलेली असेल. त्यातले आकडे घेऊन अहवाल नव्याने कर. तेव्हा बँकेतल्या माणसाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तुझ्याकडे स्वतःचं उत्तर असेल. सातबाऱ्याच्या सह्याही तोवर झालेल्या असतील. तेव्हा मी सुट्टी काढून येते आणि तुझ्याबरोबर बँकेत बसते.

आता लगेच एवढं कर. ज्या युनिटमध्ये फोडून घ्यायचं त्यांना किलोमागे मजुरी विचार, जानेवारीच्या आत. तूट कोणाच्या अंगावर, हेही तेव्हाच ठरव आणि कागदावर घे. मागल्या हंगामात बीचा दर मार्चमध्ये काय होता आणि मेमध्ये काय, ते दोन्ही मला कळव. फेब्रुवारीच्या पगाराला अर्धे पैसे तुझ्या खात्यावर टाकते, उरलेले मार्चमध्ये. खातं फक्त तुझ्या नावाचं उघड.

आईला नमस्कार. छोट्याला गोड पापा.

तुझी,
नणंद