काळजी जाईपर्यंत थांबू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

रात्री डोक्यात तेच तेच येत राहतं, त्यावर गोळीशिवाय काही आहे का, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. आहे. फोनवर अर्धवट राहतं, म्हणून लिहूनच पाठवते.

या उपचारपद्धतीचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे स्वीकार आणि बांधिलकी, थोडक्यात 'अ‍ॅक्ट'. स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ती 1980 च्या दशकात उभी केली. त्यांना स्वतःला पॅनिकचे, म्हणजे अचानक खूप घाबरायला होण्याचे, झटके यायचे आणि ते टाळायच्या खटपटीतच वाढायचे. बाबा, तुमच्या फिरण्याचं तेच झालंय. 'पडलो तर?' असं मनात येतं म्हणून तुम्ही बाहेर पडत नाही. त्या संध्याकाळी बरं वाटतं, पण बसून बसून पायांतली ताकद जाते, चार माणसं भेटायची बंद होतात आणि भीती आहे तिथेच राहते.

म्हणून विचार घालवायच्या मागे लागायचं नाही. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाची खडखड दिवसभर चालू असते, तरी लोक जेवतात, बोलतात, मुलांचा अभ्यास घेतात. विचारांचंही तसंच करायचं, आणि ते सरावाने जमतं.

विचार आला की आधी तो आहे तसा मनात म्हणा: 'मी पडणार.' दहा सेकंद थांबा. मग म्हणा, 'मी पडणार, असा विचार माझ्या मनात आलाय.' पुन्हा थोडं थांबून, 'मी पडणार असा विचार मनात आलाय, हे माझ्या लक्षात येतंय.' एवढंच. विचार खरा की खोटा, हा वाद घालू नका; वाद घातला की त्यालाच जोर चढतो. बहुतेक जण चुकतात ते यापुढे. दोन मिनिटांनी तपासतात, 'गेली का भीती?' हे तपासणं म्हणजे पुन्हा तीच झटापट. भीती कधी ओसरेल, कधी नाही. आपल्याला फक्त तिच्यापासून हातभर लांब उभं राहायचंय.

आई, मी फोन उचलला नाही की तुझ्या छातीत धडधडतं. तेव्हा पुन्हा पुन्हा फोन लावण्याआधी खुर्चीत बस. 'मला आत्ता काळजी वाटतेय' असं स्वतःला सांग. दोन्ही पाय फरशीवर दाब, बोटांची टोकं एकमेकांवर टेकव. समोरच्या पाच वस्तू बघ, तीन आवाज ऐक, मग हातातलं काम पुढे चालू कर. मन दुसरीकडे वळवायला हे नाही. काळजी आहे हे मधूनमधून मान्य करत राहायचं, नाहीतर हीसुद्धा पळवाटच होते. आणि हे मन शांत असताना दिवसातून दोनदा करून ठेव. ऐन धडधडीत पहिल्यांदा करायला गेलीस तर सुचणार नाही.

आता कमिटमेंटचा भाग. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच, आणि लोक नेमका हाच सोडतात. आपल्याला कशा प्रकारचं माणूस म्हणून जगायचंय, ते आधी ठरवायचं. नातवंडं, मित्रमंडळी, शेजार, देवधर्म, तब्येत: प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा, 0 ते 10. पहिला, हे मला किती महत्त्वाचं. दुसरा, गेल्या आठवड्यात मी त्यासाठी किती केलं. जिथे फरक मोठा, तिथून सुरुवात. बाबांचं बहुधा 'मित्रमंडळी' निघेल. मग 24 तासांत होईल असं छोटं काम ठरवा: काय, कधी, कुठे, किती वेळ. 'रोज फिरेन' चालणार नाही. 'उद्या संध्याकाळी साडेसहाला, ऊन उतरल्यावर, कोपऱ्यापर्यंत दहा मिनिटं' असं हवं. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत जायची घाई पहिल्याच दिवशी नको. झालं नाही तर स्वतःला दोष न देता काम निम्मं करा.

स्वीकार म्हणजे हात टेकणं नव्हे. सुटण्यासारखं आहे ते सोडवायचंच: काठी घ्या, चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला, जिन्यातला दिवा बदलून घ्या. उरते ती भीती, तिला सोबत घ्यायचं.

मात्र छातीत दुखणं, दम लागणं, दरदरून घाम येणं याला मनाचा खेळ समजून श्वास मोजत बसू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पंधरा-वीस दिवस सतत उदास वाटलं, जेवण-झोप गेली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचंच. जगणं नको वाटलं तर तेवढे दिवसही थांबू नका. रात्री-बेरात्री सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं.

आकड्यांचा कागद दोघांनी वेगवेगळा भरा, एकमेकांचा बघून नको. रविवारी फोनवर वाचून दाखवा.

तुमची,
लेक