विषय : तोडलेला कडुनिंब, तापलेली घसरगुंडी आणि ओपन स्पेसमधली पांढरी गाडी

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
पाथर्डी फाटा, नाशिक

दिनांक : २० एप्रिल २०२६

महोदय,
स. न. वि. वि.

मार्चमध्ये मी याच विषयावर लेखी अर्ज दिला होता. सचिवांच्या हातात दिला आणि पोच मागितली, तर ते हसून म्हणाले, "मावशी, आपल्या आपल्यात पोच कशाला?" मी नोकरीभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आहे. जिथे 'आपल्या आपल्यात' सुरू होतं तिथेच कागद हरवतो. म्हणून हा अर्ज दोन प्रतींत देत आहे. एकीवर सही-शिक्का मारून ती मला परत मिळावी.

मुद्दा अगदी साधा आहे आणि मी तो शांतपणे मांडणार आहे.

मुलांच्या खेळायच्या ओपन स्पेसमध्ये घसरगुंडीच्या पश्चिमेला कडुनिंब होता. होळीच्या सुमारास समितीने माणसं लावून तो उतरवला. इतिवृत्तात 'छाटणी' असं लिहिलं आहे. छाटणीनंतर झाडाला फांद्या उरतात, असा माझा आजवरचा समज होता. इथे पुरुषभर उंचीचं खोड उरलं आहे आणि त्यावर कोणीतरी वायफायचं खोकं ठोकलं आहे.

त्या वेळी खजिनदार म्हणाले की झाड वाळलं होतं, एकही पान नव्हतं. पान नव्हतं हे खरं. कडुनिंबाची पानगळ त्याच दिवसांत होते आणि पाडव्याच्या आसपास त्याला तांबूस पालवी फुटते. एप्रिल-मे येईस्तोवर झाड भरून जातं, म्हणजे सावली हवी असते नेमकी तेव्हा. समितीतल्या कोणी तीन आठवडे दम धरला असता तर 'वाळलेलं' झाड हिरवं दिसलं असतं. यंदा पाडव्याला आपल्याच सोसायटीतली माणसं दहा रुपये देऊन फाट्यावरून कडुनिंबाची डहाळी आणत होती, हे मी बाल्कनीतून पाहिलं. आपणही आणलीत.

आता कारणाकडे येते. कारण सर्वांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. सी-४०२ यांची नवी पांढरी गाडी त्या झाडाखाली उभी असते. मैना घाण करतात, पावसाच्या तोंडावर लिंबोळ्या पडून चिकट होतं, ही त्यांची तक्रार. त्यांना स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमध्ये, हक्काचं पार्किंग आहे. तिथे सध्या जुना सोफा, उरलेल्या टाइल्स आणि एक बंद पडलेली स्कूटर उभी आहे. म्हणजे सावलीचा फायदा गाडीने घेतला, पक्ष्यांचा त्रास झाला म्हणून झाड गेलं, आणि आता ऊन लागतं म्हणून गाडीवर चंदेरी कव्हर आलं आहे. मुलांवर काय घालायचं ते समितीने सांगावं.

माझी नात साडेतीन वर्षांची आहे. मुलगा-सून दोघंही अंबडला कामाला, त्यामुळे दिवसभर ती माझ्याकडे असते. परवा ती घसरगुंडीच्या शिडीवरूनच उलटी उतरली आणि म्हणाली, "आजी, घसरगुंडी चावते." मी पत्र्याला हात लावून पाहिला आणि लगेच काढून घेतला. घसरगुंडी स्टीलची आहे, तिचा उतार पश्चिमेकडे आहे, म्हणजे दुपारचं ऊन तिच्यावर सरळ पडतं. खाली पूर्वी वाळू होती. ती काढून काळ्या रबरी टाइल्स बसवल्या, 'मॉडर्न लुक' म्हणून. काळं रबर किती तापतं हे बघायला कोणत्या तज्ज्ञाची गरज नाही, चप्पल काढून उभं राहावं. लहान मुलं आपल्यापेक्षा लवकर तापतात, वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त असतो, घाम कमी येतो आणि कातडी पातळ असते. हे आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आहे, मी मनाचं काही लिहीत नाही.

सी विंगची सावली खेळायच्या जागेवर यायला साडेपाच वाजतात. फलकावर लिहिलं आहे, 'दुपारी २ ते ५ खेळण्यास मनाई'. हा फलक कोणत्या सर्वसाधारण सभेत मंजूर झाला ते मला कोणी दाखवलेलं नाही. साडेपाचनंतर ज्येष्ठांचं चालणं सुरू होतं, तेव्हा सायकल फिरवली तर वाद. सात वाजता डास. मग पोरांनी खेळायचं केव्हा, ब्राह्ममुहूर्तावर?

सी-४०२ यांच्याबद्दल माझ्या मनात वैयक्तिक काहीही नाही. फक्त नोंद असावी म्हणून लिहिते. करोनाच्या काळात पाळण्यांना पट्टी बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. चांगलं केलं. पण सगळं उघडलं, शाळा भरल्या, तरी आपल्या पाळण्यांची पट्टी सुटत नव्हती. मग पाळण्याच्या कुरकुरीने दुपारची झोपमोड होते म्हणून साखळ्या 'तेल घालायला' काढल्या, त्या अजून सोसायटीच्या ऑफिसात कपाटावर आहेत. वाळूत मांजर बसते म्हणून वाळू गेली. बाक गेला, कारण त्यावर आया बसून 'मोठ्याने बोलतात'. गणपतीचा मांडव खेळायच्या जागेवरच घालायचा आग्रहही त्यांचाच, आणि बांबू नवरात्र होईपर्यंत तिथेच. एकेक गोष्ट छोटी वाटते. मी नोंदवही ठेवली आहे, समितीला पाहायची असेल तर घरी यावं, चहा घेऊन जावं.

खजिनदारांनी मला जिन्यात एक सल्ला दिला, "नाशिकमध्ये एवढी उद्यानं आहेत, न्या की नातीला." अवश्य नेते. ज्यांनी लहान मूल घेऊन दुपारी उद्यान गाठलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. पाण्याची बाटली, टोपी, खाऊचा डबा, एक जादा चड्डी, ओला रुमाल. मग रिक्षा. पांडवलेणीच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे, शेजारी फाळके स्मारक आहे. जागा छान, पण आपल्या गेटपासून तिथे जायचं म्हणजे मुंबई-आग्रा हायवे आला. सीबीएस बसस्थानकाजवळच्या शिवाजी उद्यानात जायचं तर अख्खं शहर ओलांडा. पोचेपर्यंत मूल झोपलेलं असतं. उठलं की पहिल्यांदा शू लागते. परत यायला रिक्षावाला दीडपट मागतो. हा रविवारचा कार्यक्रम झाला. रोजचं अर्धा तास धावणं, पडणं, माती उकरणं हे दाराशीच व्हायला लागतं.

आणि उद्यानांत मी एक गोष्ट पाहिली आहे, ती समितीने जरूर पाहावी. दुपारी चारला कुठेही जा, रंगीत खेळणी उन्हात मोकळी उभी असतात आणि सगळी पोरं एखाद्या वडाखाली नाहीतर करंजाखाली मातीत बसलेली असतात. खेळणं नसलं तरी पोरं खेळतात, सावली नसली की नाही. आपण गेल्या वर्षी खेळण्यांच्या नव्या सेटसाठी वर्गणी काढलीत, आणि होतं ते झाड पाडायला मजुरी दिलीत.

आता कायदा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आपल्या सोसायटीच्या भिंतीशी थांबत नाही. खासगी आवारातल्या झाडालाही परवानगी लागते. 'तोडणे' याची व्याख्याही त्यात दिली आहे. जाळणं, कापणं, झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे 'छाटणी' शब्दाने फारसा आडोसा मिळणार नाही. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतली असेल तर तिची प्रत मला द्यावी. नसेल तर तसं लिहून द्यावं.

दुसरं, चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला दहा टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. आपला प्लॉट त्याहून मोठा आहे. ही जागा मनोरंजनासाठी असते, पार्किंगसाठी नाही.

तिसरं, आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सभासदाची लेखी तक्रार आली की लगतच्या समिती सभेत तिच्यावर निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत तो सभासदाला कळवायचा. माझ्या अर्जानंतर समितीची सभा झाली. त्यात लिफ्टमधल्या आरशावर चर्चा झाली. त्याच उपविधींत आवारात खेळण्याबद्दलही काही लिहिलं आहे, असं सी-४०२ लिफ्टमध्ये सांगत होते. ते मोठ्या मुलांच्या क्रिकेटबद्दल असावं. माझ्या दारासमोरच्या पॅसेजमधल्या कुंड्यांचा विषय मात्र या अर्जात आणू नये, तो सर्वस्वी वेगळा आहे आणि त्यात तुळस आहे.

हे माझं एकटीचं मत समजू नये. ए विंगमधल्या झाडून सगळ्या आयांचं हेच म्हणणं आहे. बी विंगमध्ये तर विचारायचीही गरज नाही. सह्या जोडलेल्या नाहीत, कारण निम्मी कुटुंबं भाड्याने राहतात आणि घरमालकाशी वाकडं नको म्हणून गप्प आहेत. सी विंगमधल्याही एका बाईंनी मला पाठिंबा कळवला आहे. त्या कोण, हे मी सांगणार नाही. त्यांचा मजला चौथा आहे, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची बातमी आली तेव्हा अख्खं नाशिक उठलं होतं. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरही 'झाडे वाचवा'चे हिरवे फोटो आले. सर्वांत आधी आपण टाकलात, अध्यक्षसाहेब. तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. त्याला 'लाईक'चा अंगठा देणाऱ्यांत सी-४०२ होते. तपोवन इथून लांब आहे, तिथल्या झाडांखाली त्यांची गाडी उभी नसते.

माझ्या मागण्या फार नाहीत. गाडी तिच्या जागेवर जावी, आणि सोफा कुठे जाईल ही माझी अडचण नाही. घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे फिरवावं. चार बोल्ट आणि दोन माणसांचं काम आहे, दुपारचं ऊन सरळ समोरून लागायचं थोडं कमी होईल. पाऊस सुरू होईपर्यंत वर ७५ टक्के सावलीची शेडनेट बांधावी. दिंडोरीकडे शेतकरी एकरच्या एकर शेडनेट उभी करतात, तेव्हा नाशिकमध्ये कापड मिळत नाही असं निदान मला सांगू नये. ती उंच बांधावी म्हणजे खालून वारा खेळेल, आणि दोऱ्या पक्क्या असाव्यात, वळवाच्या वाऱ्याला ढिली नेट टिकत नाही. खर्च दुरुस्ती निधीतून करावा किंवा ज्यांच्या गाडीसाठी हे घडलं त्यांच्याकडून घ्यावा. कव्हरच्या किमतीत बरंचसं भागेल.

कडुनिंबाच्या खोडाला मात्र आता कोणी हात लावू नये. त्याला बुंध्यापाशी धुमारे फुटले आहेत. कडुनिंब असा सहजासहजी जात नाही. ते खोकं तिथून काढावं आणि भोवती आळं करावं. पाणी मी घालेन, पण सी-४०२ यांची गाडी धुण्याचा पाइप नळावरून निघेल तेव्हा. जूनमध्ये शेजारी एक करंज लावावा. गुलमोहर नको, त्याच्या फांद्या वादळात मोडतात आणि मग पुन्हा कोणाची तरी गाडी आडवी येईल.

मेमध्ये शाळांना सुट्ट्या लागतील, त्याआधी निर्णय व्हावा. आपला नातूही पुण्याहून येणार आहे असं कळलं. त्याला दुपारी चार वाजता एकदा त्या घसरगुंडीवर बसवावं, आपण शेजारी उभं राहावं, आणि मग सभेची विषयपत्रिका काढावी.

कळावे,
आपली विश्वासू,
बी-३०४

प्रत माहितीसाठी :
सचिव (पोचसह)
खजिनदार
सूचना फलक (किल्ली वॉचमनकडे असते, मी लावून घेईन)
मनपा उद्यान विभाग – तूर्त नाही