मडी क्रीक सहल: निघण्यापूर्वीची सूचना
सर्व सभासदांस कळविण्यात येते की, अमेरिकेच्या यूटा राज्यातील सॅन राफेल स्वेल या खडकाळ प्रदेशातल्या मडी क्रीक या छोट्या नदीला वल्हवण्याजोगे पाणी डोंगरावरचे बर्फ वितळल्यावर, बहुधा मे महिन्याच्या सुमारास येते. म्हणून प्रवाहमापन केंद्राची नोंद पाहूनच दिवस ठरेल. टॉमसिच ब्यूट ते हिडन स्प्लेंडर या टप्प्यात ‘द शूट’ ही घळ इतकी अरुंद होते की, वळणापलीकडे अडकलेला ओंडका अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि उभ्या कड्यांमुळे काठावर चढताही येत नाही. पुढच्याची शिट्टी ऐकू आल्याखेरीज मागच्याने वळण घेऊ नये. वरच्या खोऱ्यात वादळाचा अंदाज असल्यास, आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असले तरी, तिथल्या पावसाचा लोंढा घळीत येऊ शकतो म्हणून सहल रद्द होईल. यावर कृपया आग्रह धरू नये. कडक उन्हातही वेटसूट (थंड पाण्यात अंगाची ऊब राखणारा पोशाख), हेल्मेट आणि लाइफ जॅकेट सक्तीचे आहे.