विनयला पत्र

प्रिय विनय,

तुझं पत्र मिळालं. गॅदरिंगला नाच बसवतोयस हे वाचून फार बरं वाटलं. तुझा तो गाणारा मुलगा, ज्याचा गळा सुरेल पण पाय काही केल्या उचलत नाहीत, त्याला मागच्या रांगेत टाकू का, असं विचारलंयस. अजिबात टाकू नकोस. आधी 'अँकर्स अवे' बघ.

१९४५ सालचा, एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा सिनेमा, दिग्दर्शक जॉर्ज सिडनी. जो आणि क्लॅरेन्स हे नौदलातले दोन दोस्त चार दिवसांच्या रजेवर हॉलिवूडला येतात. जो म्हणजे जीन केली, पोरी पटवण्यात पटाईत. क्लॅरेन्स म्हणजे फ्रँक सिनात्रा. तो ब्रुकलिनचा, चर्चमध्ये गाणारा, मुलगी समोर आली की ततपप करणारा. जो त्याला 'धडे' देणार, एवढीच गोष्ट. नौदलात भरती व्हायला घरातून पळालेला एक चिमुरडा, त्याला सांभाळणारी त्याची गायिका मावशी, आणि तिची गाण्याची परीक्षा ठरलीय ही जोने मारलेली थाप. ती थाप निस्तरण्यात बराच वेळ जातो आणि मधे सिनेमा रेंगाळतो, हे आधीच सांगून ठेवतो.

पण सांगायचंय ते वेगळंच. पडद्यावर जो क्लॅरेन्सला शिकवतो, आणि पडद्यामागेही नेमकं तेच चाललं होतं. सिनात्रा तेव्हा अमेरिकेतल्या तरुण मुलींचा लाडका गायक होता, पण नाच त्याला येत नव्हता. केली मूळचा पिट्सबर्गचा. तिथे त्याच्या घरच्यांची नाचाची शाळा होती आणि तो स्वतः मुलांना शिकवायचा. त्याने आठवडेच्या आठवडे सिनात्राकडून तालीम करून घेतली.

त्याचं फळ 'आय बेग्ड हर' या गाण्यात बघायला मिळतं. रात्र भलत्याच भानगडीत गेलेली असते, पण बाकीच्या खलाशांसमोर दोघं पराक्रमाच्या बढाया मारतात आणि खाटांच्या रांगेवरून उड्या मारत नाचतात. हे गाणं दोनदा बघ. पहिल्यांदा सिनात्राकडे बघ: लुकडा पोरगा, पावलं अगदी बरोबर टाकतोय. दुसऱ्यांदा फक्त केलीकडे. याच सिनेमात हा माणूस एकटा नाचतो तेव्हा छपरावर चढतो, उंचावरून झोके घेतो. इथे मात्र त्याने अंग आवरून धरलंय. दोघांचे हात एकाच उंचीवर, वळणं एकाच क्षणी. आपल्या लेझमीत कसलेला गडी शेजारच्या नवख्याच्या पावलाला पाऊल जुळवतो, तसं. मला केलीचं मोठेपण इथे सगळ्यात जास्त दिसतं. स्वतःचा सगळा जोर दाखवायला त्याला कोण अडवणार होतं?

जोर बघायचाच असेल तर उंदराचा नाच आहेच. आपण टीव्हीसमोर बसून ज्याला बघायचो तोच टॉम आणि जेरीतला जेरी! जो शाळेतल्या मुलांना गोष्ट सांगतो: राजा जेरीला नाचगाणं येत नाही, म्हणून त्याने राज्यात गाण्यावरच बंदी घातलीय, आणि हा खलाशी त्याला नाच शिकवतो. म्हणजे इथेही शिकवणीच! आधी मिकी माऊस हवा होता, पण डिस्नेकडून नकार आला. मग टॉम आणि जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांनी जेरी दिला. केली कॅमेऱ्यासमोर एकटाच नाचला, नजर मात्र बरोबर उंदराच्या उंचीवर ठेवून. नंतर चित्रकारांनी एकेक चौकट घेऊन त्याच्या शेजारी जेरी काढला. चकचकीत फरशीकडे नीट बघ, केलीसोबत जेरीचंही प्रतिबिंब पडतं. आजही मला तो उंदीर हाताने काढलाय हे पटत नाही.

पुढे दोघंही मावशीच्या प्रेमात पडल्यासारखे होतात. जो दोस्तासाठी मन मारत राहतो, आणि क्लॅरेन्सचं मन तोवर ब्रुकलिनच्याच एका वेट्रेसकडे वळलेलं असतं. मित्राला दुखवायचं नाही म्हणून दोघंही गप्प. सिनात्रा हॉलिवूड बोल या खुल्या, रिकाम्या प्रेक्षागृहात पियानोशी बसून 'आय फॉल इन लव्ह टू इझिली' गातो. ज्यूल स्टाइनची चाल, सॅमी काह्नचे शब्द. इवलंसं गाणं आहे, पण तेवढ्यात जीव कासावीस होतो.

ऑस्कर मिळालं ते संगीताला. केलीला अभिनयाचं नामांकन मिळालं, तेही आयुष्यात एकदाच. ही जोडी १९४९ मध्ये आणखी दोन सिनेमांत एकत्र आली आणि तिथे सिनात्राचे पाय कितीतरी मोकळे झालेले दिसतात.

तेव्हा त्या मुलाला पुढच्या रांगेत, तुझ्या सगळ्यात चांगल्या नाचणाऱ्याशेजारी उभा कर. आणि त्या नाचणाऱ्याला सांग, जरा आवरून नाच. गाणं कुठलं घेतलंयस ते लिहिलंच नाहीस. तारीख पक्की झाली की लगेच कळव, मी रजा टाकून येतोय.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल