बाबा, वही मी दिली

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "वही कधी आणतेस?" आणि मी मोहोराचा विषय काढला. आईला तेव्हाच कळलं असेल. तोंडाने सांगवेना, म्हणून लिहिते. आजोबांची नमनाची वही, शिमग्यातल्या खेळ्यांची सगळी गाणी असलेली, मी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमची ठेवायला दिली. फॉर्मवर सही गेल्या सोमवारी केली. गणपतीत नेताना "झेरॉक्स काढून आणते" म्हणाले होते, ते तेव्हा खरंच मनात होतं.

झेरॉक्सच्या दुकानात गेलेही होते. काचेवर पालथी घालायला वही उघडली, तर शिवण सुटून दोन पानं हातात आली. उजेडात धरून बघितली. आजोबांचं टाकाने लिहिलेलं अक्षर जिथे जिथे ठसठशीत, तिथे तिथे कागदाला बारीक भोकं. जुन्या हिराकशीच्या शाईत आम्ल असतं, ती कागद हळूहळू खाते, हे मला नंतर समजलं. वर कसर लागलेली होतीच. मी दुकानातून तशीच निघाले. घरी येऊन वही मांडीवर घेऊन बसले, रात्रभर डोळा लागला नाही.

बाबा, तुम्ही ती जपली नाहीत असं मी म्हणत नाही. कडुनिंबाचा पाला, कापूर, दर वैशाखात ओटीवर ऊन दाखवणं, सगळं तुम्हीच केलंत. पण आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ती ट्रंक माळ्यावर. पुस्तकं ठेवतात तिथे हवेतला दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास हवा म्हणे. आपल्या माळ्यावर श्रावणात काड्यापेटी पेटत नाही. आणि दोन वर्षांपूर्वी वाळवी कणगीपर्यंत आली होती, ते आठवतंय ना?

भाऊकाकांच्या वहीचं काय झालं ते तुमच्या मनात येणार, माझ्याही आलं. म्हणून मी सही करायच्या आधी सगळं विचारून घेतलं. पावती माझ्याकडे आहे, पानं मोजून लिहिलेली आहेत. कागद दिला म्हणून गाण्यांवरचा हक्क जात नाही. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षं तो हक्क वारसांचा असतो. आजोबा १९७४ ला गेले, म्हणजे २०३४ संपेपर्यंत तुमचा आणि आत्याचा. आणि पालखी बसते त्या सहाणेवर म्हणायचं जे नमन आहे, शिमग्याशिवाय जे तुम्ही कधी तोंडातून काढत नाही, ती पानं कुणालाही दाखवायची नाहीत असं मी वेगळं लिहून दिलंय. गण, गवळणी, सवाल-जवाब तेवढे वाचायला मिळतील. हे तरी तुम्हाला विचारून करायला हवं होतं. चुकलंच माझं.

त्यांनी फोटो कसे काढले ते मात्र तुम्ही बघायला हवं होतं. वही पूर्ण उघडली नाही. दोन्ही बाजूंना फोमचे उतरते ठोकळे लावले, मधे वही अर्धी मिटलेली, पाखरू बसावं तशी. कॅमेरा वरून. पान उलटणारी मुलगी श्वास रोखून उलटत होती. तिच्या हाताकडे बघताना मला तुमचा मृदंगाला पूड लावतानाचा हात दिसला.

शेवटची अकरा पानं मोडीत आहेत, जी आपण "हिशेबाची" म्हणत होतो. ती हिशेबाची नाहीत, बाबा. मोडी येणाऱ्या एका बाईंनी वरवर वाचून सांगितलं, त्यात संकासुराचं सोंग आहे, कुणी कुठून यायचं, मृदंग कधी थांबायचा. आपल्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं!

संपाआधी गिरणीत होता तेव्हा राजाबाई टॉवरच्या घड्याळात वेळ बघायचात आणि म्हणायचात, त्या दाराच्या आत काय असतं देव जाणे. ते त्याच विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. विद्यापीठ १८५७ चं, टॉवर १८७८ चा. आता कालिन्याला लोककला अकादमीत पोरं लोककला रीतसर शिकतात. नमन म्हणजे गावंढळांचा खेळ म्हणणारे तुम्ही गिरणगावात ऐकलेत. ते दिवस गेले.

आता मुख्य सांगायचं. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो. त्यात विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसरात कोकणातल्या खेळ्यांवर दोन व्याख्यानं आहेत, एक मी देणार आहे. दुपारी मोडीची कार्यशाळा, संध्याकाळी संगमेश्वराकडचं एक नमन मंडळ येणार आहे. तुम्ही दोघांनी यायचंच. मुंबईला या म्हणत नाही, रत्नागिरीच आहे. तवसाळला गाडी थेट फेरीबोटीत चढते, जयगडला उतरायचं, आईच्या गुडघ्यांना कुठे जिना नाही. मालगुंडला केशवसुतांच्या घरी थांबू, बाबा, तुमचं कधीचं राहिलंय. आईचं गणपतीपुळ्याचं दर्शनही होईल. राहायची खोली तळमजल्यावर घेतलीय, कमोड आहे, गरम पाणी आहे. सकाळी सहाला चहा मिळेल का तेही विचारलं. मिळेल. आईने पेज हवी तर सांगावं, मी छोटा कुकर आणते.

लहानपणी शिमग्यात संकासुराला भिऊन मी तुमच्या घोंगडीत शिरायचे आणि तुम्ही गाता गाता एका हाताने माझं डोकं झाकायचात. ताल चुकायचा नाही. व्याख्यानाला उभी राहीन तेव्हा तुम्ही समोर असावं एवढंच वाटतं. गवळण म्हणावी असा आग्रह नाही. वाटलं तर म्हणा, नाही तर नुसतं बसा.

फवारणीचं कारण सांगू नका, मी दादाशी बोललेय, तो बघेल. बीपीची गोळी जेवणानंतर, डबीत वारांप्रमाणे भरून ठेवलीय, एका दिवसाची दोन घ्यायची नाहीत. आई, सुकटाची चटणी त्यांना देऊ नकोस, कितीही मागितली तरी. मोतीबिंदूचं त्याच फेरीत रत्नागिरीला दाखवून घेऊ, वेळ ठरवलीय. रागावा, पण या.

आणि एक काम. वहीतल्या ४३व्या पानावर पेंद्या मावशीला अडवतो ती गवळण आहे ना, तिची शेवटची ओळ कसरीने खाल्लीय. "जाऊ दे" एवढंच राहिलंय, पुढचे चार शब्द गेले. आत्याला विचारलं, तिला येत नाही. ते आता फक्त तुमच्याकडे आहेत. या पत्राच्या मागे आईकडून लिहून घ्या आणि येताना घेऊन या. टाईप करणाऱ्या मुलीला मी ती ओळ मोकळी ठेवायला सांगितलीय.

तुमची,
बाय