चिठ्ठीतच उत्तर लिहिलेली चाचणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात इथे बडोद्यात एका सॉफ्टवेअर कंपनीने आम्हा सात-आठ ज्येष्ठांना बोलावले होते. रक्त तपासणाऱ्या एका लॅबसाठी त्यांनी ॲप केले होते आणि ते आम्हाला जमते का, हे त्यांना पाहायचे होते. मुले मनापासून काम करणारी होती. हातात फोन दिला आणि एक चिठ्ठी: ‘माझे रिपोर्ट’वर जा, पहिला पेशंट निवडा, ‘डाउनलोड’ दाबा. मी दीड मिनिटात केले. शेजारी बसलेल्या मुलीने वहीत बरोबरची खूण केली.

दिवाळीनंतर ह्यांची तपासणी त्याच लॅबमध्ये झाली. मला एवढेच हवे होते की तीन महिन्यांची साखर मागच्यापेक्षा वाढली की उतरली, हे डॉक्टरांकडे निघण्याआधी कळावे. ‘शुगर’ असे गुजरातीत लिहून शोधले, काही आले नाही. तिथे ते ‘एचबीए१सी’ या नावाने होते. त्यात मागचा रिपोर्ट मुलीच्या नंबरावर नोंदलेला, त्यामुळे ओटीपी तिच्याकडे गेला आणि ती तेव्हा वर्गात शिकवत होती. पाऊण तासाने रिक्षा करून लॅबमध्ये गेले आणि कागद घेऊन आले.

मी ३१ वर्षे बँकेच्या काउंटरवर होते. ‘डिमांड ड्राफ्टचा फॉर्म द्या’ म्हणत येणारे थोडे. बाकीचे म्हणत, ‘मुलाची फी सोमवारपर्यंत पुण्याला पोचायला हवी, काय करू?’ कोणता फॉर्म घ्यायचा, इथेच तर त्यांचे अडायचे.

ॲप-वेबसाइटच्या अशा चाचण्यांच्या कामात असलेल्या माझ्या भाचीने त्याच क्षेत्रातले अमेरिकेतले तज्ज्ञ जेरेड स्पूल यांचे एक उदाहरण सांगितले. फर्निचर विकणाऱ्या आयकिआच्या वेबसाइटवर लोकांना ‘बुककेस शोधा’ म्हटले, तर त्यांनी सरळ ‘बुककेस’ टाइप केले. ‘दोनशेहून जास्त पुस्तके खोक्यांत पडली आहेत, ती लावायची सोय बघा’ म्हटल्यावर लोक विभाग धुंडाळू लागले, आणि शोधलेच तर ‘शेल्फ’सारखे शब्द लिहू लागले. चाचणीला पाच जण पुरतात, असे याच क्षेत्रातले दुसरे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले, हेही तिनेच सांगितले. आकड्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण उत्तर चिठ्ठीतच असेल, तर पन्नास जण बसवूनही माझ्या पाऊण तासाचा पत्ता लागणार नाही.

चाचणीसाठी बेतलेले काम सरसकट वाईट, असेही मी म्हणत नाही. दोन मांडण्यांपैकी कोणती लवकर उमगते ते मोजायचे, तर सगळ्यांना एकच काम द्यावे लागते. पैसे भरण्याची चाचणी कोणाच्या खऱ्या खात्यावर करू नये. आणि ह्यांचा खरा रिपोर्ट मी अनोळखी माणसांसमोर उघडलाच नसता. पेशंट खोटा असू द्या, पण गरज आमची असू द्या. आधी दहा मिनिटे आम्हाला विचारा: शेवटचा रिपोर्ट कोणासाठी आणला, कोणाच्या फोनवर आला, त्यात काय बघायचे होते? त्यातूनच काम बेता, आणि पडद्यावरच्या बटणांचे शब्द चिठ्ठीत येऊ देऊ नका.

त्या कंपनीने पुन्हा बोलावले तर मी जाईन. आमच्या गल्लीत मुलांच्या नंबरावर रिपोर्ट येणारी चार घरे तरी आहेत, त्यांनाही बरोबर नेईन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे